पयले काय झालं

रात्री साडेबाराला थ्री-फेज येते.
वरुड रोडच्या कडेला माझं दुकान:
जळालेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं,
वार्निशचा वास, अन् भिंतीपलीकडे देवमनची चक्की.
मी वाइंडिंग भरतो. छत्तीस खाचा, मोजून वेढे.
एक चुकला की मोटार गुरगुरते
अन् गिऱ्हाईक म्हणते, "दादाराव, डोळे गेले तुमचे."

वैजूचा फोन ह्याच वेळी येतो.
तिकडे तिची शिफ्ट लागते, जमिनीखाली,
कोसभर लांब नळीच्या टोकाला,
जिथं इलेक्ट्रॉन नागमोडी पळवतात
अन् त्यांच्याकडून क्ष-किरणांची ठिणगी पाडून घेतात.
"मोठेबाबा, एका अॅटोसेकंदात उजेडसुद्धा
पाण्याच्या रेणूची एक कड सोडून
दुसरीला जेमतेम पोचते.
आमची ठिणगी तशा दोन-तीनशेंची. बस्."

"एवढ्यात पाहाचं काय पोरी?"

"पयली ठिणगी रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवते.
तिथं जागा रिकामी होते.
मग ती जागाच पळते,
ह्या अणूवरून त्या अणूवर.
अणू तर हललेच नसतात अजून,
त्यांना खबरच नसते
आपल्यातलं कोणी गेलं म्हणून.
मागोमाग दुसरी ठिणगी जाते,
इचारते, जागा कुठं आहे आता?"

एक्केचाळीस वर्षं तार हातात आहे माझ्या.
एक इलेक्ट्रॉन पाहिला नाही.
वासानं ओळखतो त्यांना,
तेही जळल्यावर.

अंबादास माझा धाकटा. लाइनमन.
नदीकाठच्या डीपीवर चढला,
सबस्टेशनवाले म्हणाले होते, बंद आहे.
खाली वैजू, आठ वर्षांची, बॅटरी धरून.
पंचनाम्यात लिहिलं: तात्काळ.
तेराव्यानंतर एकदा, ताटात भाकर तशीच ठेवून
पोट्टीनं इचारलं,
"मोठेबाबा, पयले काय झालं?"
हात लागला, का उजेड झाला,
का त्याला समजलं होतं?
मी म्हटलं, "लय लवकर झालं बेटा.
कोणालेच नाही दिसलं."

ती गोष्ट मी काढली नाही कधी.
तीही काढत नाही.

"फोटो तरी दाखव," म्हटलं.
आला. निळा-पिवळा डाग,
डबक्यावर डिझेल पसरावं तसा.
"हा एकाचा नाही, मोठेबाबा.
लाखो रेणू, लाखो ठिणग्या, त्यांचा मिळून.
ज्याले पाहिलं, तो तिथंच फुटते.
म्हणून पाण्याची बारीक धार सोडतच राहतो आम्ही,
दर वेळी नवा येतो समोर."
मी "हं" म्हटलं.
दुसरं काय म्हणणार.

तेवढ्यात चक्की सुरू झाली.
देवमनचा नातू पवन दारात.
त्यांचा एलईडी उडाला परवा,
म्हणून जुनी चोकवाली ट्यूब लावली आहे,
अन् तिच्या उजेडात ते मोठं चाक
उभं.
पट्टा पळते, पीठ पडते,
चाकाचे आरे मात्र जागच्या जागी,
उलट, जरासे मागेच सरकतात.

"आबा, चाक थांबलं ना!"

"थांबलं नाही रे. ट्यूब मिचकते,
तेवढ्यात एक आरा दुसऱ्याच्या जागी येऊन बसते.
तुले वाटते, तोच आहे."
पोरगं पुढं झालं.
"दिसते उभं, म्हणून बोट नको लावू!"
ओरडलोच मी. एवढ्या जोरात,
की भिंतीपलीकडून देवमन आला.

फोन चालूच होता.
तिकडून काही नाही, नुसता पंख्यासारखा आवाज.
मग वैजू म्हणाली, "बीम आला, मोठेबाबा. ठेवते."

तार माझ्या चिमटीत.
सतरा झाले होते का अठरा?
आठवेना.
वेढे सोडवले सगळे,
अन् पुन्हा पयल्यापासून मोजाले बसलो.